सोपे गाणे कोणाला सोपे?

प्रश्न : येत्या सुट्टीत आमच्या घरी भाचरे, पुतणे आणि त्यांचे मित्रमैत्रिणी मिळून दहा-अकरा मुले एका संध्याकाळी जमणार आहेत. सगळी 12 ते 14 वर्षांची आहेत आणि त्यांना कराओकेवर गायचे आहे. गेल्या वेळी माझ्या 13 वर्षांच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी उत्तम म्हटलेले त्याचे ठरलेले गाणे निवडले आणि दुसऱ्या अंतऱ्यात त्याचा आवाज फाटला. मुले हसली. तेव्हापासून ‘मला गाता येत नाही’ एवढेच तो म्हणतो. उलट माझी 12 वर्षांची भाची एक अतिशय जलद गाणे म्हणण्याचा हट्ट धरून बसली आहे, आणि तिची मैत्रीण इतकी लाजाळू आहे की पडद्यावरचे शब्द ती नुसती पुटपुटते. मला स्वतःला गाण्यातले फारसे कळत नाही. या वयाच्या मुलांना जमतील अशा दहा सोप्या गाण्यांची यादी द्याल का? आणि मुलाला गाण्याचा आग्रह करावा की करू नये?
– एक आई

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही मागितलेली यादी मी देणार नाही, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. तुमच्या मुलाने अवघड गाणे निवडले नव्हते. ते त्याचे पाठ असलेले, आवडते, एकेकाळी सहज म्हटलेले गाणे होते, म्हणजे कोणत्याही यादीत ‘सोपे’ म्हणून बसले असते. गाणे तेच राहिले, गळा मात्र बदलला. म्हणून या वयात प्रश्न ‘कोणते गाणे सोपे’ असा न विचारता ‘या मुलाच्या आजच्या आवाजाला कोणते गाणे, कोणत्या पट्टीत सोपे’ असा विचारावा लागतो (पट्टी म्हणजे गाणे ज्या उंच किंवा खालच्या स्वरावर धरले आहे तो स्वर). तो कसा विचारायचा हे एकदा कळले की दहाच काय, तीस गाणी तुम्ही मुलांच्या मदतीने स्वतः निवडू शकाल, आणि त्यासाठी संगीत शिकलेले असण्याची गरज नाही.

आधी त्या फाटलेल्या आवाजाविषयी लिहितो, कारण तो प्रकार नेमका काय होता हे मुलालाही कोणी सांगितले नसावे. वयात येताना मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते आणि त्यातल्या स्वरतंतूंची लांबी व जाडी वाढते. तार लांब आणि जाड झाली की तिचा स्वर उतरतो, तसाच हा आवाज उतरतो. लहान मुलांच्या बोलण्याच्या आवाजात सेकंदाला साधारण अडीचशेच्या आसपास कंपने असतात, तर प्रौढ पुरुषाच्या आवाजात 100 ते 130. म्हणजे मुलग्याचा आवाज एकूण जवळजवळ एक सप्तक, म्हणजे वरच्या ‘सा’पासून खालच्या ‘सा’पर्यंतच्या अंतराएवढा, खाली येतो. हा बदल बहुतेकांमध्ये 12 ते 14 या वर्षांत ठळक होतो, काहींत अलीकडे, काहींत पलीकडे. या काळात गळ्याचे स्नायू जुन्या सवयीने ताणले जातात, पण तंतू आता जुने राहिलेले नसतात, आणि वरच्या स्वरावर जाताना आवाज मध्येच निसटून दुसऱ्याच ठिकाणी जाऊन पडतो. आपण त्याला आवाज फुटणे म्हणतो. ज्या मुलाला काल दीड सप्तक सहज गाता येत होते, त्याला काही महिने सहा-सात स्वरच भरवशाचे राहतात, असेही घडते.

मुलींचा आवाज बदलत नाही असा एक गैरसमज आहे. तोही बदलतो, फक्त उतार कमी असतो. दोन-तीन अर्धस्वरांनी तो खाली येतो (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधले अंतर म्हणजे अर्धस्वर), काही काळ आवाजात हवा मिसळल्यासारखी वाटते आणि वरचे स्वर पातळ होतात. तुमच्या भाचीची लाजाळू मैत्रीण पुटपुटते त्यात लाज किती आणि हा पातळ झालेला आवाज किती, हे बाहेरून सांगता येणार नाही, पण दुसरी शक्यता लक्षात ठेवलेली बरी.

आता निवडीकडे येऊ. गाण्याचा सोपेपणा सर्वांत जास्त ठरतो तो त्याच्या विस्तारावर, म्हणजे सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या स्वरांमधल्या अंतरावर. ‘ट्विंकल ट्विंकल’ ही चाल षड्जापासून (सा) धैवतापर्यंत (ध) जाते, म्हणजे तिला सहाच स्वर पुरतात, आणि म्हणूनच ती तीन वर्षांचे मूलही म्हणते. ‘हॅपी बर्थडे’ला पूर्ण एक सप्तक लागते, आणि तिसऱ्या ओळीत ज्याचा वाढदिवस असतो त्याचे नाव येण्याआधी ही चाल खालच्या पंचमावरून (प) थेट वरच्या पंचमावर उडी मारते. कोणत्याही जमावाचा सूर नेमका त्याच जागी विस्कटतो हे तुम्ही दरवेळी ऐकले असेल. लोक बेसूर असतात म्हणून तसे होत नाही. पहिली ओळ कोणीतरी मनाला येईल त्या पट्टीत उचललेली असते आणि तिसऱ्या ओळीत काय वाढून ठेवले आहे याचा विचार त्या वेळी कोणीच केलेला नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रगीताला तर दीड सप्तकाचा विस्तार आहे आणि ते गाताना भले भले व्यावसायिक गायकही अडखळले आहेत. तुमच्या मुलांसाठी मोजपट्टी अशी ठेवा: एका सप्तकात किंवा त्याहून एखाददुसऱ्या स्वराने अधिक विस्तारात बसणारे गाणे घ्यावे, आणि ज्याचा आवाज फुटत आहे त्याच्यासाठी त्याहूनही लहान.

स्वर मोजता येत नसतील तर हरकत नाही. मी गाणे निवडताना एकच चाचणी सर्वांत आधी करायला सांगतो, ती म्हणजे गाणे सुरुवातीपासून म्हणायचेच नाही. त्यातली सर्वांत उंच ओळ शोधायची आणि तीच आधी म्हणून पाहायची. बहुतेक चित्रपटगीतांमध्ये मुखडा मधल्या स्वरांत फिरतो आणि अंतरा वर चढतो. अंतऱ्याची शेवटून दुसरी किंवा तिसरी ओळ बहुधा शिखर असते, आणि तिथून चाल मुखड्याकडे उतरते. मुले मुखड्यावरून गाणे निवडतात, कारण मुखडाच त्यांच्या तोंडी असतो, आणि फसतात अंतऱ्यात. तुमच्या मुलाचेही तेच झाले. ती उंच ओळ मान न ताणता, डोळे न मिटता, ओरडावे न लागता तीन वेळा लागोपाठ म्हणता आली, तर गाणे वरच्या बाजूने त्याला झेपते असे समजावे. एकदा जमली आणि दोनदा हुकली, तर जमली नाही असेच धरावे, कारण त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर ती चौथ्यांदा म्हणायची असते. मग सर्वांत खालची ओळ पाहावी. तिथे शब्द ऐकू येतात की नुसता घोगरा श्वास येतो, हे ऐकावे. शेवटी सर्वांत लांब ओळ एका श्वासात पुरते का ते पाहावे. तीन ओळींची ही परीक्षा पाच मिनिटांत उरकते आणि ती मुलाने एकट्याने, दार लावून, दिली तरी चालते. किंबहुना तशीच द्यावी.

परीक्षेत गाणे नापास झाले म्हणून लगेच दुसरे शोधू नका. आधी पट्टी बदलून पाहा. जवळजवळ प्रत्येक कराओके यंत्रावर आणि अनेक अॅप्समध्ये पट्टी वरखाली करण्याची सोय असते. एकेक वेळा दाबले की साथसंगत एकेक अर्धस्वर चढते किंवा उतरते, आणि लय तीच राहते. ही कळ सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. मूळ गायकाच्या पट्टीत गायले तरच खरे गायले, अशी काहीतरी समजूत मुलांमध्ये असते आणि पट्टी उतरवणे त्यांना कमीपणाचे वाटते. त्यांना सांगा की व्यावसायिक गायक रंगमंचावर स्वतःचीच जुनी गाणी वय वाढल्यावर खालच्या पट्टीत गातात आणि समोर बसलेल्यांपैकी फारच थोड्यांच्या ते लक्षात येते.

इथे कराओकेच्या उगमाची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही, आणि ती विषयाला सोडूनही नाही. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ‘ऑर्केस्ट्रा’चे जपानी रूप तोडून घेतलेले, म्हणजे गायकाची जागा रिकामी ठेवलेला वाद्यवृंद. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोऊए हे वादक हौशी गायकांना साथ करत असत. त्यांच्या एका नेहमीच्या ग्राहकाला प्रवासात गायचे होते आणि इनोऊए यांना सोबत जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी साथ ध्वनिमुद्रित करून दिली, आणि 1971 मध्ये तिचे यंत्र केले. त्या सुमारास इतरांनीही अशी यंत्रे बनवली होती, पण त्या यंत्राचे एकस्व (पेटंट) न घेतलेले इनोऊएच जगाला ठाऊक झाले. मला या गोष्टीतले महत्त्वाचे वाटते ते हे की कराओकेची कल्पनाच मुळी हौशी गळ्याला साथ देण्याच्या गरजेतून आली. साथीने गायकाकडे यायचे असते. पट्टीची कळ न दाबता मुलाला मूळ गायकाच्या मागे फरपटत नेणे म्हणजे यंत्र उलटे वापरणे होय.

आता कोणासाठी कळ कोणत्या दिशेला दाबायची, हे थोडे तपशिलाने लिहितो. ज्या मुलग्यांचा आवाज अजून फुटलेला नाही, त्यांना गायिकांची गाणी मूळ पट्टीत किंवा किंचित खाली सहज जमतात. पुरुषाचे गाणे मात्र मूळ पट्टीत त्यांना फार खाली जाते आणि एक सप्तक वर घेतले तर फार उंच होते. ‘मुलगा आहेस, मुलाचे गाणे म्हण’ असे म्हणणारी मोठी माणसे त्याची अडचण वाढवतात. ज्यांचा आवाज निम्म्यावर आला आहे, त्यांची स्थिती सर्वांत अवघड असते. त्यांचा भरवशाचा पट्टा गायिकेच्या खालच्या आणि गायकाच्या वरच्या स्वरांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि कोणतेही मूळ गाणे नेमके तिथे बसत नाही. अशा मुलाने गायिकेचे गाणे चार-पाच अर्धस्वर उतरवून पाहावे, नाहीतर उंच गळ्याच्या गायकाचे गाणे दोन-तीन उतरवून. दोन्ही करून जे आरामात बसेल ते घ्यावे. ज्यांचा आवाज पुरता बसला आहे, त्यांना मऊ, बोलल्यासारखे गाणाऱ्या गायकांची गाणी घ्यायला सांगा, कारण नव्या खालच्या आवाजात अजून जोर आलेला नसतो. मुलींसाठी बहुतेक वेळा दोन-तीन अर्धस्वर उतरवणे पुरते, कारण गायिकांची अनेक लोकप्रिय गाणी कसलेल्या गळ्यासाठी मुद्दाम उंच बांधलेली असतात. पट्टी पाच-सहापेक्षा जास्त सरकवली तर साथीचा आवाज कृत्रिम होऊ लागतो. तिथे मात्र खरोखरच गाणे बदलावे.

विस्तारानंतर येतात शब्द, आणि तुमच्या भाचीचा हट्ट या भागात मोडतो. जलद गाण्यात गळ्यापेक्षा जिभेची आणि श्वासाची परीक्षा असते. तिला चाल बाजूला ठेवून, नुसते ठेक्यात, शब्द बोलून दाखवायला सांगा. मूळ लयीत, पडद्याकडे न पाहता, दोन कडवी न अडखळता बोलता आली तर तिला गाऊ द्या. तुम्हाला वाटते तितके ते अवघड नसेल. पडद्याकडे न पाहता असे म्हणण्याचे कारण आहे. शब्द पडद्यावर येतात म्हणून गाणे पाठ नसले तरी चालेल, असे मुलांना वाटते, पण रंग बदलत जाणारा शब्द फक्त ‘आता’ सांगतो. तो किती लांबवायचा, त्याचा सूर कोणता आणि पुढची ओळ ठेक्याच्या आधी उचलायची की नंतर, हे तो सांगत नाही. जलद गाण्यात तर डोळे वाचेपर्यंत ओळ निघून जाते. पडदा आठवण करून देण्यापुरता असतो, शिकवण्यासाठी नसतो.

जाता जाता एक गोष्ट, जी पालकांना सहसा रुचत नाही. रॅपसारखी, म्हणजे बव्हंशी ठेक्यात बोलायची गाणी आवाज फुटत असलेल्या मुलग्यांसाठी मोठा आधार असतात. त्यात उंच स्वर नसतो, त्यामुळे फाटायला काही नसते, आणि नव्या जाड आवाजाला तिथे उलट भाव मिळतो. शब्द तेवढे आधी वाचून घ्या.

शब्द वाचण्याचे म्हणाल तर ते सगळ्याच गाण्यांबाबत करावे, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत करावे, कारण मुखडा निरागस असलेल्या गाण्याचे दुसरे कडवे कधीकधी वेगळेच निघते. यात मोठ्यांना आक्षेपार्ह काय वाटते हा प्रश्न दुय्यम आहे. मुलाला काय म्हणताना अवघडल्यासारखे होईल, हा खरा प्रश्न आहे. तेरा वर्षांच्या मुलाला विरहाने झुरण्याची ओळ वर्गातल्या मुलींसमोर म्हणायची वेळ आली की त्याचा सूर आधी जातो आणि मग धीर. ‘ही ओळ सगळ्यांसमोर म्हणशील का’ एवढे विचारावे आणि ‘हो’ म्हणायला जितका वेळ लागेल त्यावरून काय ते समजावे. मैत्री, प्रवास, पाऊस, खोड्या, खेळ यांवरची गाणी या बाबतीत सुरक्षित असतात. बालगीतांचेही गंमतीशीर असते. एकट्याने म्हण म्हटले तर या वयाची मुले नाक मुरडतील, पण आठव्या वर्षी आवडलेले गाणे सगळ्यांनी मिळून थट्टेने सुरू केले की सर्वांत मोठा आवाज तेव्हाच निघतो, आणि त्यांचा विस्तार लहान असल्याने सूरही बहुधा तेव्हाच जुळतो.

गाण्याची घडणही पाहावी. एकच मुखडा वारंवार परत येणारे गाणे सोपे, कारण चुकले तरी पुढच्या मुखड्यावर सगळे पुन्हा एकत्र येतात. सुरुवात स्पष्ट असावी. वाद्ये थांबतात आणि हवेतून पहिला शब्द उचलावा लागतो अशी सुरुवात नवख्याला नको. मधले संगीत लांबलचक असेल तर ते गाणे टाळावे किंवा पहिल्या अंतऱ्यानंतर थांबवावे. चाळीस सेकंद नुसते उभे राहणे, हात कुठे ठेवावेत ते न कळणे आणि समोर दहा जण बघत असणे, ही या वयात गाण्यापेक्षा मोठी शिक्षा आहे. तीन-साडेतीन मिनिटांहून मोठे गाणे कोणालाच देऊ नका. आलाप, ताना आणि मुरक्यांसाठी प्रसिद्ध असलेली गाणीही बाजूला ठेवा. ती आपल्याला सुंदर वाटतात ती गायकाने त्यात घातलेल्या बारकाव्यांमुळे, आणि ते काढून उरलेली चाल मुलाच्या तोंडी केविलवाणी वाटते. हल्लीच्या अनेक गाण्यांत आणखी एक फसवणूक असते: एकाच गायकाचा आवाज दोन-तीनदा ध्वनिमुद्रित करून थरावर थर ठेवलेला असतो आणि मागे समूहस्वर भरलेले असतात. कराओकेत हे सगळे निघून जाते आणि ऐकताना भरदार वाटलेल्या मुखड्यात एकटा बारीक आवाज उघडा पडतो. ज्या ट्रॅकमध्ये मागचा समूहस्वर तसाच ठेवलेला असतो, तो मिळाला तर अवश्य घ्यावा. तुमच्या भाचीच्या लाजाळू मैत्रिणीला असाच ट्रॅक द्या.

एक सूचना सरावाची. त्या संध्याकाळी जो ट्रॅक वापरायचा, तोच ट्रॅक, त्याच पट्टीत, आदल्या तीन-चार दिवसांत प्रत्येकाने निदान चारदा म्हणावा. एकाच गाण्याचे अनेक कराओके ट्रॅक मिळतात. ते बहुतेक वेळा दुसऱ्याच वादकांनी नव्याने वाजवलेले असतात, आणि त्यांची पट्टी, सुरुवातीचे संगीत, कधी कडव्यांची संख्यासुद्धा मूळ गाण्याहून वेगळी असते. मूळ गाणे ऐकून केलेला सराव तिथे दगा देतो.

उपकरणांबाबत थोडक्यात लिहितो. स्पीकर शक्यतो तारेने जोडा. बिनतारी जोडणीत आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने उशिरा येऊ शकतो. तेवढा उशीर नुसते गाणे ऐकताना जाणवत नाही, पण गाताना मूल ठेक्याच्या मागे पडत जाते आणि दोष स्वतःकडे घेते. माइक तोंडापासून चार बोटे अंतरावर धरायला लावा. साथीचा आवाज गाणाऱ्याच्या आवाजावर चढू देऊ नका, कारण स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की मुले ओरडतात, आणि बदलत्या गळ्याला सर्वांत जास्त त्रास ओरडण्याचाच होतो. घोगरेपणा या वयात स्वाभाविक असला तरी बोलतानाही घसा दुखत असेल, किंवा आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. गुण देणारी सोय यंत्रात असेल तर ती बंद करून टाका. ती मूळ चालीशी जुळणी मोजते, गाणे कसे झाले ते मोजत नाही, आणि पडद्यावर आलेला आकडा मुले पुढच्या सुट्टीपर्यंत विसरत नाहीत.

संध्याकाळची सुरुवात सगळ्यांनी मिळून म्हणायच्या दोन गाण्यांनी करा. एकल गाणी नंतर. मुले आणि मुली एकत्र गाताना एकच पट्टी दोघांना सोयीची पडत नाही, तेव्हा ओळी वाटून द्याव्यात, किंवा एकाने विचारायचे आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे अशा धाटणीची गाणी घ्यावीत. त्यांत कोणाच्याच वाट्याला सलग चार ओळी येत नाहीत. माइक दोन असतील तर पहिल्या तासात एकट्याच्या हातात एक माइक जाऊच देऊ नका.

आता तुमच्या मुलाविषयी. आग्रह करू नका. सगळ्यांसमोर ‘चल, एक म्हण ना’ असे तर मुळीच म्हणू नका, आणि ‘त्याचा आवाज फुटतोय म्हणून’ असे त्याच्या वतीने स्पष्टीकरणही देऊ नका. त्या वाक्याने तो दुसऱ्यांदा हास्यास्पद ठरेल. मात्र गळ्याच्या बदलाची जी हकिकत मी वर लिहिली आहे, ती त्याला एकट्याला, शक्य तर ज्याच्या आवाजाने हे सगळे पूर्वी भोगले आहे अशा घरातल्या एखाद्या मोठ्या पुरुषाकडून, सांगितली जाऊ द्या. ‘तुला गाता येत नाही’ आणि ‘तुझे जुने गाणे तुझ्या नव्या आवाजाला चार अर्धस्वर उंच पडते’ या दोन वाक्यांतले अंतर त्याला कळेल, तो तेवढा मोठा आहे. मग त्याला यंत्रावर बसवा. प्रत्येकाची उंच ओळ ऐकणे, पट्टीची कळ दाबून पाहणे, नेमका आकडा ठरवणे, हे काम सगळ्यांत जबाबदारीचे आहे आणि ज्याचा आवाज फाटला आहे त्याला त्याची किंमत चांगली कळते. दुसऱ्यांच्या पट्ट्या लावता लावता तो स्वतःची पट्टी कधीतरी गुपचूप लावून पाहीलच. त्या वेळी खोलीत जाऊ नका.

हसण्याचेही एक ठरवून टाका. मुलांना ‘कोणी हसायचे नाही’ असे बजावले तर हसू अधिकच येते. त्याऐवजी नियम असा करावा की जो हसेल त्याने पुढचे कडवे सोबत म्हणायचे. मी हा नियम बऱ्याच घरांत सुचवला आहे. त्याने हसणे थांबत नाही, पण हसणारा पुढच्या क्षणी गाणाऱ्याच्या शेजारी उभा असतो, आणि तेवढे पुरते.

राहता राहिली यादी. ती एका कोऱ्या कागदावर तुमच्या मुलालाच करू द्या. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात गाणे, तिसऱ्यात पट्टीचा आकडा, म्हणजे ‘उणे दोन’, ‘उणे पाच’ किंवा ‘आहे तशीच’. सगळे शाईऐवजी पेन्सिलीने लिहावे, कारण काही आकडे आठवडाभरात बदलतील. त्याच्या स्वतःच्या नावापुढची जागा त्या दिवशी कोरी राहिली तर तशीच राहू द्या, आणि कागद फेकून न देता यंत्राच्या खोक्यात ठेवा. दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा काढून, त्याच उंच ओळी सगळ्यांनी पुन्हा म्हणून पाहाव्यात आणि आकडे नव्याने घालावेत. तोपर्यंत निम्म्या मुलांचे तरी बदललेले असतील.